दाराबाहेरचा सनईवाला, पडद्याआडचा सॅक्सोफोनवाला

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या भागातल्या एका शाळेचे स्नेहसंमेलन होते. शाळेचे नाव सांगत नाही. ते सांगितल्याने कोणाचे भले होणार नाही, आणि असा प्रसंग कुठल्याही शाळेत घडू शकला असता. नववीतल्या एका मुलाला सरस्वतीपूजनाच्या वेळी वाजवायचे होते. मुलगा बँडवाल्याच्या घरचा. त्याच्या आजोबांनी मुंबईला धोबीतलावच्या एका म्हाताऱ्या वादकाकडून टेनर सॅक्सोफोन विकत घेतला होता. आजोबांनी तो लग्नांत वाजवला, बापाने मिरवणुकांत वाजवला. आता नातू त्याच्यावर भूप वाजवू लागला होता. पावसाळ्यात कोकणच्या दमट हवेने त्या वाद्याच्या चामड्याच्या गाद्या फुगतात आणि चाव्या नीट बसत नाहीत. पोराने त्या चुलीच्या उबेला धरून वाळवल्या होत्या आणि दोन महिने तालीम केली होती.

संमेलनाच्या आदल्या दिवशी व्यवस्थापक मंडळींपैकी एक सद्गृहस्थ आले. त्यांनी वाद्याकडे पाहिले, मग पोराकडे पाहिले आणि म्हणाले, "सरस्वतीपुढे हे नको. परकी, हॉटेलातली वस्तू. पूजन पेटीवर होऊ द्या. याला करमणुकीच्या वेळी वाजवू दे. आणि हो, खाली बसून, स्टेजवर नको."

पोरगा माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "सर, पेटी फ्रान्सची ना? तुम्हीच वर्गात सांगितलंत."

मी काहीच बोललो नाही. कार्यक्रमाचा दिवस तोंडावर होता, वाद नको होता, गृहस्थ देणगीदार होते. तुम्हीही गप्प बसला असतात, असे मी स्वतःला समजावले. पण त्या पोराच्या प्रश्नाला उत्तर देणे माझे काम होते आणि ते मी टाळले. आज दिवाळीच्या फराळाबरोबर, वाचकहो, ते उत्तर तुमच्यापुढे ठेवतो. ते थोडे तिखट लागेल. पण चिवड्यात एखादी मिरची असलेली बरी.

पहिला आक्षेप: वाद्य परके आहे.

होय, आहे. बेल्जममध्ये 1814 साली जन्मलेल्या आदोल्फ साक्स नावाच्या कारागिराने ते घडवले आणि 1846 साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. वाद्याचे अंग पितळेचे, पण तोंडाशी बोरूची एक पाती असते. ती पाती थरथरते तेव्हा सूर उमटतो. म्हणून दिसायला तुताऱ्या-कर्ण्यांचा भाऊ असला तरी कुळाने तो सनईचा चुलतभाऊ. सनईला दोन पात्या, याला एक, एवढाच फरक. साक्स स्वतः अनेकदा दिवाळखोर झाला आणि 1894 साली पॅरिसमध्ये गरिबीत वारला.

आता पेटीची कुंडली पाहू. हार्मोनियमचे पेटंट आलेक्सांद्र देबँ या गृहस्थाने 1842 साली घेतले. कुठे? त्याच पॅरिसमध्ये. म्हणजे ही दोन वाद्ये एकाच गावची, अवघ्या चार वर्षांच्या अंतराची भावंडे. त्यातले एक आमच्या देवघरात, भजनात, कीर्तनात, नाटकात येऊन बसले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी पायाचा भाता काढून हाताचा बसवला आणि पेटी मांडी घालून बसणाऱ्यांच्या सोयीची झाली. गोविंदराव टेंब्यांनी तिला मैफलीत मान मिळवून दिला. बालगंधर्वांच्या गाण्यामागे ऑर्गन वाजे तो तर विलायतेचाच. त्याने आमच्या नाट्यसंगीताचा धर्म बुडाला, असे कोणी म्हणाल्याचे मी ऐकले नाही. व्हायोलिन परके, पण कर्नाटकात त्यावाचून कचेरी बसत नाही. आमच्या नमन-खेळ्यांत आता कीबोर्ड वाजतो आणि गावकरी खुशाल गणाला हात जोडतात.

पेटीला हे सहज मिळाले, असेही कोणी समजू नये. 1940 साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. तिचे सूर ठोकळेबाज, तिच्यावर मींड निघत नाही, ती परकी, असे विद्वानांचे म्हणणे होते. ती बंदी काही अंशी उठायला 1971 साल उजाडले. म्हणजे तीस वर्षे सरकारदरबारी पेटी बहिष्कृत होती आणि त्याच तीस वर्षांत गावोगावच्या भजनी मंडळांनी तिला आईसारखे सांभाळले. आज तीच पेटी सरस्वतीपुढे बसते आणि तिच्या वतीने दुसऱ्याला परका म्हटले जाते. काल बाहेर उभा होता तो आज आत आला, की तोच दाराला आतून कडी लावतो. हा आपला जुना रोग आहे आणि तो संगीतापुरताच नाही.

आमच्या गणपतीपुळ्याहून मालगुंड हाकेच्या अंतरावर आहे. केशवसुतांचे ते जन्मगाव. तिथल्या स्मारकाला मुलांच्या सहली येतात. आमचे हेच व्यवस्थापक तिथे भाषण करतात आणि केशवसुतांना आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतात. ठीकच म्हणतात. पण त्या जनकाने 1892 च्या सुमारास इंग्रजांच्या घरचे सॉनेट उचलून मराठीत आणले, ते आज सुनीत म्हणून पाठ्यपुस्तकात आहे. आणि 1893 साली ज्या कवितेने त्यांनी झोपलेल्या समाजाला हाक दिली, तिचे नाव आहे 'तुतारी'. या कवीला वीणा नको होती, तंबोरा नको होता. त्याला तोंडाने फुंकायचे, गल्ला करणारे, मिरवणुकीतले वाद्य हवे होते. मालगुंडला तुतारीपुढे हार घालायचा आणि मैलभर अलीकडे येऊन सॅक्सोफोनला स्टेजखाली बसवायचे, यात काही विसंगती आहे असे त्या गृहस्थांना वाटले नाही. मला त्या दिवशी वाटली, पण मी बोललो नाही.

दुसरा आक्षेप: हे हॉटेलातले, दारूच्या अड्ड्यातले संगीत.

याला थोडा इतिहास सांगावा लागेल. अमेरिकेत 1930 ते 1945 च्या सुमारास स्विंग नावाची लाट आली. बारा-पंधरा वादकांचे ताफे, नाचणाऱ्यांसाठी डुलता ठेका, आणि त्यात मधूनमधून एकेक वादक उभा राहून स्वतःच्या मनाचे वाजवणार. या उभे राहणाऱ्यांत टेनर सॅक्सोफोनवाला राजा होता, कारण टेनरचा आवाज पुरुषाच्या गळ्याशी फार जवळचा. हे बहुतेक वादक काळे अमेरिकन. ज्या हॉटेलांत ते वाजवीत त्यांतल्या कित्येकांत त्यांना पाहुणा म्हणून पाऊल टाकायची मुभा नसे. त्यांतले काही ताफे जहाजाने मुंबईला आले. 1935 साली लिऑन ॲबीचा ताफा ताजमहाल हॉटेलात वाजू लागला, पाठोपाठ क्रिकेट स्मिथचा आला, आणि मग टेडी वेदरफर्ड नावाचा पियानोवाला, जो 1945 साली कलकत्त्यात कॉलऱ्याने वारला.

त्यांचे वादन मुंबईच्या पोरांनी कान देऊन ऐकले. त्यांत खटाऊ आडनावाचा एक पारशी मुलगा होता. त्याने टेनर सॅक्सोफोन हाती धरला, अमेरिकेच्या कोलमन हॉकिन्सला मनोमन गुरू मानले आणि रंगमंचावर नाव घेतले रूडी कॉटन. खटाऊचा कॉटन! आपल्या मुंबईचा हा स्विंगच्या काळातला अव्वल टेनरवाला. पुढे त्याने स्वतःच्या नावाचा बँड उभा केला आणि आयुष्य त्याच वाद्यात घालवले. वाचकहो, हात वर करा, तुमच्यापैकी किती जणांनी हे नाव पूर्वी ऐकले होते? मीही उशिराच ऐकले. आमच्याकडे संगीताच्या इतिहासाची जाडजूड पुस्तके निघतात, त्यांत कोणत्या बुवांनी कोणत्या संस्थानात कोणती चीज गायली त्याची नोंद असते. असलीच पाहिजे. पण याच मुंबईत, याच काळात घडलेल्या या माणसाला त्यांत ओळही नाही.

आणि गोव्याची पोरे! चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकलेली, व्हायोलिन आणि कर्णे हाताळलेली. ती आमच्याच किनाऱ्यावरून बोटीने मुंबईला जात आणि धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गावोगावच्या लोकांनी चालवलेल्या स्वस्त बिऱ्हाडांत, पथारी टाकत. हळदोण्याचा आंतोनियो शावियेर वाझ हा चिक चॉकलेट झाला. कुडचड्याचा फ्रँकलिन फर्नांडिस हा फ्रँक फर्नांड झाला. सेबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवीत होता. ही सगळी माणसे पोटासाठी हॉटेलात वाजवीत. तेवढ्यावरून त्यांचे संगीत ओवळे?

मग आपल्या घरातले जुने फडताळ उघडून पाहू. ठुमरी कोठ्यावर वाढली. लावणी फडावर वाढली. कित्येक खानदानी चिजा ज्या गळ्यांतून आपल्यापर्यंत आल्या, त्या गळ्यांच्या मालकिणींना शंभर वर्षांपूर्वी आपल्या आजोबांनी माजघरात येऊ दिले नसते. नाटककंपनीतला नट म्हणजे वाया गेलेला पोरगा, असेच आपली पणजी म्हणत होती. हे सगळे आपण धुऊन-पुसून ओसरीवर आणले, त्याला अभिजात म्हटले आणि बरे केले. मग हॉटेलातल्या माणसालाच तेवढी गंगा का वर्ज्य?

शिवाय हॉटेल तरी त्यांना कुठे राहू दिले आपण? 1947 साली साहेब गेला आणि त्याच्याबरोबर नाचणारे गिऱ्हाईक गेले. मुंबई राज्यात 1949 चा दारूबंदीचा कायदा आला आणि क्लब ओस पडले. दारूबंदी चांगली की वाईट याच्याशी मला आज कर्तव्य नाही. पण त्या झपाट्यात ही वादक मंडळी चित्रपटाच्या स्टुडिओत शिरली. आणि तिथे जे घडले ते तुमच्या-माझ्या कानांत आजही घुमते आहे.

संगीतकार पेटीवर चाल बांधे. ती चाल घेऊन सेबॅस्टियनसारखा अरेंजर बसे. कोणत्या ओळीखाली व्हायोलिनांचा कोणता पडदा, कुठे ट्रंपेटने टाळी द्यायची, दोन कडव्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत सॅक्सोफोनने काय बोलायचे, हे सगळे तो कागदावर लिहून काढी. शंकर-जयकिशनच्या त्या भरघोस वाद्यवृंदांमागे त्याचा हात होता. आपले मराठी सी. रामचंद्र, पुणतांब्याचे चितळकर, यांच्या गाण्यांत जी नवी उसळी आली, तिच्यात चिक चॉकलेटचा वाटा होता. 1951 च्या 'अलबेला'त तो आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसला. मास्टर भगवान नाचले आणि सारा महाराष्ट्र नाचला. हॉटेलातले संगीत नको म्हणणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांनी त्या गाण्यांवर लग्नांत ठेका धरला आहे. मी तो डोळ्यांनी पाहिला आहे.

अर्थात नको म्हणणारे तेव्हाही होतेच. 1952 साली नभोवाणी खात्याचे मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपलेच मराठी विद्वान. त्यांच्या अभिरुचीला चित्रपटसंगीत सोसेना, म्हणून आकाशवाणीवरून ते जवळजवळ हद्दपार झाले. लोकांनी काय केले? रेडिओची खुंटी फिरवली आणि सिलोन लावले. शेवटी 1957 साली सरकारला विविध भारती काढावी लागली. वरून लादलेल्या सोवळ्याचे आयुष्य पाच वर्षांचे, हा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

तिसरा आक्षेप जरा अभ्यासू मंडळींचा आहे: यात राग नाही, विचार नाही, नुसता गोंगाट.

कोलमन हॉकिन्सने 11 ऑक्टोबर 1939 रोजी 'बॉडी अँड सोल' नावाच्या एका लोकप्रिय गाण्याची तबकडी भरली. तीन मिनिटांची. सुरुवातीला तो मूळ चालीला जरासा स्पर्श करतो आणि मग जी वाट सोडतो ती परत येतच नाही. चाल बाजूला राहते, तिच्या खालची स्वरसंवादांची बैठक तेवढी कायम असते, आणि तिच्यावर तो क्षणोक्षणी नवी वाक्ये रचीत जातो. आपला गवई मुखडा सांगून बढत करतो, त्याच जातीचे हे काम. फरक आहे, आणि तो लपवू नये. आपल्याकडे षड्ज जागचा हलत नाही, रागाची चौकट स्थिर, आणि खोल जायचे ते एकाच विहिरीत. त्यांच्याकडे पायाखालची जमीन दर मात्रा-दोन मात्रांना बदलते आणि वादकाला चालत्या होडीत उभे राहून तोल सावरायचा असतो. दोन वेगळ्या विद्या आहेत. पण दोन्हीतही आयत्या वेळी विचार करावा लागतो, दोन्हीतही रियाजावाचून तोंड उघडता येत नाही. ज्याला हा गोंगाट वाटतो त्याने तो कधी नीट बसून ऐकलेला नाही, एवढेच मी म्हणेन.

आणि ज्याला वाटते की या वाद्यात आपला राग मावतच नाही, त्याने जरा दक्षिणेला पाहावे. आमच्याच किनाऱ्याने खाली गेले की मंगळूर लागते. तिकडचे कद्री गोपालनाथ, 1949 साली जन्मलेले, नादस्वरम वाजवणाऱ्याचे पुत्र. त्यांनी म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये सॅक्सोफोन पाहिला आणि ठरवले की यातून गमक काढायचे. वर्षानुवर्षे झिजून त्यांनी ते काढले. मद्रासच्या कर्मठ श्रोत्यांनी त्यांना मान्यता दिली, 2004 साली पद्मश्री मिळाली. 2019 साली ते गेले तेव्हा तिकडे कोणी म्हणाले नाही की हॉटेलातल्या वाद्याचा वादक गेला. कर्नाटकी संगीत आमच्यापेक्षा कमी कर्मठ आहे काय? उलट अधिकच. पण त्यांनी वाद्याची जात न पाहता सुराची परीक्षा घेतली.

मग तीनही आक्षेप पडले. वाद्य परके म्हणावे, तर पेटीही परकी. हॉटेलातले म्हणावे, तर ठुमरीही कोठ्यावरची. राग नाही म्हणावे, तर कद्री गोपालनाथ. तरीही त्या गृहस्थांचे तोंड वाकडेच राहिले. याचा अर्थ खरे कारण ओठांवर आलेलेच नाही. ते मी सांगतो.

आमच्याकडे तोंडाने फुंकणाऱ्याला आम्ही नेहमीच उंबऱ्याबाहेर ठेवले आहे. सनईवाचून लग्न नाही, देवाची पहाट नाही. पण सनईवाला कुठे बसतो? नगारखान्यात, मांडवाच्या दाराशी. मुहूर्त त्याच्या सुराने साधायचा आणि पंगत उठल्यावर त्याला पान बाहेर वाढायचे. फुंकलेले ते उष्टे, आणि उष्टे तोंडात धरणारा तो हलका, असा हा हिशेब आहे. बिस्मिल्ला खाँसाहेबांनी सनईला मैफलीच्या मधोमध नेले, ते एकट्याच्या पुण्याईने. गावोगावचा सनईवाला अजून दाराशीच आहे. बँडवाला तर त्याच्याही मागे, रस्त्यावर, लाल डगला घालून. सॅक्सोफोनला आमचा विरोध आहे तो त्या वाद्याच्या गावामुळे नाही. तो वाजवणारा आमच्या पंक्तीतला नाही, म्हणून आहे. तो ख्रिस्ती असतो, बँडवाला असतो, रोजंदारीवर असतो. माणूस परका करायचा असला की आधी त्याचे वाद्य परके ठरवायचे, म्हणजे आपल्या तोंडाला जातीचा शब्द लागत नाही आणि कामही होते.

आणि परका ठरवलेल्याचे काय होते, ते दोन गोन्साल्विसांच्या गोष्टीवरून पाहा.

पहिला पॉल गोन्साल्विस. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या केप व्हर्डे बेटांवरून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबातला. तिथेही पोर्तुगीज राज्य, म्हणून आडनाव आपल्या गोव्यासारखेच. हा टेनर सॅक्सोफोनवाला 1950 साली ड्यूक एलिंग्टनच्या ताफ्यात आला. 7 जुलै 1956 च्या रात्री न्यूपोर्टच्या महोत्सवात त्याने एकाच चालीवर सलग सत्तावीस आवर्तने वाजवली. बसलेले लोक उठले, खुर्च्यांवर चढले, नाचू लागले. एलिंग्टनचा पडता काळ त्या रात्री पालटला. आणि एलिंग्टनने काय केले? वादन संपताच माईकवर जाऊन पुन्हा पुन्हा त्या वादकाचे नाव पुकारले. ती तबकडी आजही मिळते आणि ते पुकारलेले नाव तिच्यात ऐकू येते. 1963 साली तो ताफा भारतात आला. 1974 च्या मे महिन्यात पॉल लंडनला वारला आणि नऊ दिवसांनी मालकही गेला.

दुसरा अँथनी गोन्साल्विस. गोव्याच्या माजोर्ड्याचा, 1927 चा जन्म. व्हायोलिनवाला, अरेंजर आणि हाडाचा शिक्षक. संगीतकार प्यारेलाल हा त्याचा शिष्य. 1958 साली त्याने मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शंभरावर वादक उभे करून आपले राग आणि त्यांचे स्वरसंवाद एकत्र आणण्याचा प्रयोग केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. असा माणूस! पण तुम्हाला तो कसा ठाऊक आहे? 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'त एक नायक अंड्यातून बाहेर येतो आणि हे नाव सांगत नाचतो, तसा. प्यारेलालांनी गुरूची आठवण म्हणून ते नाव घातले, त्यांचा हेतू निर्मळ. पण प्रेक्षक हसले आणि आजही हसतात. त्या नावाचा जिवंत माणूस गोव्यात राहत होता, 2012 साली वारला, हे हसणाऱ्यांना माहीत नव्हते. कारण ज्या गाण्यांत त्याने काम केले, त्यांच्या पाट्यांवर ते नाव बहुधा नव्हतेच.

एकाचे नाव मालकाने माईकवरून पुकारले, दुसऱ्याचे विनोद म्हणून उरले. ताफ्यातल्या प्रत्येक माणसाचे नाव ओळखून ते सांगण्याची सवय तिथे होती, आमच्याकडे ती नव्हती आणि आजही नाही.

कोणी म्हणेल, नावात काय आहे, पैसे तर मिळाले ना? रोजंदारी मिळाली, हे खरे. पण नावात काय आहे ते कायद्याला विचारा. 2012 साली आपल्या कॉपीराइट कायद्यात सुधारणा झाली. कलाकाराच्या कामाचा पुढे व्यापारी वापर झाला तर त्याला मानधनाचा वाटा मिळावा, असे त्यात आले. फार चांगले झाले. पण त्याच कायद्यात आणखी एक कलम बसले: चित्रपटात ज्याचे काम केवळ प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, त्याला एका किरकोळ अपवादापुरते सोडून कलाकार समजू नये. नीट वाचा. नाव न घालण्याचा रिवाज आम्हीच पाडायचा, आणि मग रिवाजच नाही म्हणून हक्क नाही म्हणायचे! वीस सेकंदांच्या ज्या सॅक्सोफोनवर गाणे पन्नास वर्षे तरले, ते काम प्रासंगिक होते असे सांगायला कोणी वकील उभा राहिला, तर तो म्हातारा वादक कुठल्या पाटीकडे बोट दाखवणार? नाव हा मानापमानाचा प्रश्न नाही. ते म्हातारपणाचे तांदूळ आहेत.

विरुद्ध बाजूचे एक म्हणणे मी मान्य करतो. आमच्या चित्रपटांनी या वाद्याचा दुरुपयोग केला. खलनायकाचा अड्डा आला की सॅक्सोफोन, पेला फेसाळला की सॅक्सोफोन, पदर ढळला की सॅक्सोफोन. पन्नास वर्षे ही शिकवणी घेतल्यावर त्या गृहस्थांना सरस्वतीपुढे तो नको वाटला, यात त्यांचा सगळाच दोष नाही. पण अशाने सारंगीही सुटत नाही. पडद्यावर कोणी मेले की सारंगी वाजते. म्हणून कोणी तिला सुतकी ठरवून मैफलीतून उठवीत नाही. दिग्दर्शकाच्या आळसाची शिक्षा वाद्याला कशाला?

आता मागणी. नुसती टीका करून थांबणारा शिक्षक म्हणजे प्रश्नपत्रिका काढून उत्तरे न तपासणारा. माझ्या मागण्या फार नाहीत. ज्या शाळेत पेटी आहे तिथे फुंकायच्या वाद्यालाही जागा असावी, मग ती सनई असो, बासरी असो की सॅक्सोफोन. आणि ती जागा स्टेजवर असावी. मराठी संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी रूडी कॉटन, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांना त्यात घ्यावे, उपकार म्हणून नव्हे, हिशेब पुरा व्हावा म्हणून. जुन्या गाण्यांचे जे कार्यक्रम आता गावोगाव होतात, त्यांत निवेदकाने गायक, कवी, संगीतकार यांच्यापाशी न थांबता मागे बसलेल्यांची नावे घ्यावीत. आणि तुमच्या घरच्या लग्नात सनईवाला, बँडवाला येईल, त्याला पंक्तीत बसवा. हे शेवटचे काम सर्वांत सोपे आहे, म्हणूनच सर्वांत अवघड जाईल.

दिवाळीची पहाट आमच्याकडे अजून देवळाच्या नगाऱ्याने होते. समुद्रावरून गार वारा येतो, पर्यटकांच्या गाड्या यायच्या असतात, आणि त्या शांततेत कधी कधी वाडीच्या टोकाकडून सॅक्सोफोनचा भूप ऐकू येतो. पोरगा थांबलेला नाही. संमेलनाच्या दिवशी तो खाली बसून वाजवून गेला, टाळ्या बऱ्या पडल्या, सूत्रसंचालकाने सांगितले, "आता एक बँडचा कार्यक्रम." नाव घेतले नाही. सूत्रसंचालक कोण होता ते विचारू नका. तो मीच होतो.

या वर्षीही संमेलन आहे. देणगीदार गृहस्थ तेच आहेत. पोरगा आता दहावीत आहे, आणि सरस्वतीपूजनाला तो वाजवणार, स्टेजवर उभा राहून, असे मी कार्यक्रमपत्रिकेत छापायला दिले आहे. छापखान्यात गेलेला कागद सहजासहजी परत येत नाही. आणि वाजवून झाल्यावर मी माईकपाशी जाऊन त्याचे नाव घेणार आहे. एकदा घेऊन थांबणार नाही.